मोठेपणी उमगलेलं एडीएचडी आणि ऑटिझम: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असल्याचं निदान झालं. डॉक्टर लक्षणं सांगत होत्या आणि मला माझंच लहानपण आठवत होतं. मी दंगेखोर कधीच नव्हते. पण दूध उतू जाणं, वीजबिलाची तारीख चुकणं, कामं अर्धवट राहणं रोजचंच. वय ३८. आता तपासून काही उपयोग आहे का? (गृहिणी, सातारा)

उत्तर: नक्कीच आहे. एडीएचडी घराण्यात चालत येतं, त्यामुळे मुलाच्या निमित्ताने आईचं किंवा वडिलांचं उमगणं नेहमीचंच आहे. मुलींमध्ये बऱ्याचदा दंगा कमी आणि तंद्री जास्त असते. वर्गात त्रास न देणाऱ्या मुलीकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि निदान हुकतं.

प्रौढांसाठीचा निकष असा: लक्ष न लागण्याच्या ९ किंवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ लक्षणं, कमीत कमी ६ महिने, घर आणि काम अशा दोन तरी ठिकाणी त्रास देणारी, आणि त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली. गाडी अडते ती या शेवटच्या अटीवर. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. गुण राहू देत, शेरे वाचा: ‘हुशार आहे पण धांदरट’, ‘वह्या अपूर्ण’. आईला किंवा मोठ्या भावाला ‘मला एडीएचडी होतं का?’ असं विचारून काही हाती लागणार नाही. ‘गृहपाठाला किती वेळा हाका मारून बसवावं लागायचं? वर्षाला किती कंपासपेट्या हरवायच्या?’ असं विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची चाचणी आहे. पहिल्या ६ प्रश्नांपैकी ४ किंवा जास्त उत्तरं गडद चौकटीत पडली तर पुढची तपासणी करावी. ही चाळणी आहे, निदान नव्हे. इथे चूक कुठे होते? प्रश्न गेल्या ६ महिन्यांबद्दल असतात आणि माणसं गेला आठवडा आठवून खुणा करतात. शिवाय सासूबाईंनी आठवण केली म्हणून पार पडलेलं काम ‘मला जमतं’ या खात्यात टाकतात. ते जमलेलं नसतं, सांभाळून घेतलेलं असतं.

त्रास दोन-तीन वर्षांतच सुरू झाला असेल तर आधी दुसरं कारण शोधायला हवं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. घोरणं, तुटक झोप, नैराश्य, चिंता, पाळी जाण्याच्या आसपासचे बदल, यांतही लक्ष असंच उडतं.

प्रश्न: मानसोपचारतज्ज्ञांनी मला एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट लिहून दिलं. तीन मेडिकलवाल्यांनी नाही म्हटलं, एकाने तर संशयाने पाहिलं. ही नशेची गोळी आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराला २ वर्षं जपून ठेवावी लागते. विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून बहुतेक मेडिकलवाले ठेवतच नाहीत. यात तुमची काही चूक नाही. औषध कुठे मिळेल हे चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी सोय करा.

साधी गोळी साधारण ४ तास काम करते. ती भूक मारते, म्हणून आधी पोटभर नाश्ता. उशिरा घेतली तर झोप उडते. रक्तदाब, नाडी आणि वजन अधूनमधून तपासायचं. हृदयविकार, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, बायपोलर आजार, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर सुरू करण्याआधी सांगा. ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घेतलं तर व्यसनाचा धोका कमी असतो. मनाने मात्रा वाढवली की तो वाढतो.

दुसरा पर्याय ॲटोमोक्सेटिन. ते सहज मिळतं, पण पूर्ण परिणामाला ४ ते ६ आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून अनेक जण सोडून देतात, तिथे थांबू नका.

गोळीने लक्ष टिकतं. लक्ष कुठे द्यायचं याची सोय आपणच करायची. वीजबिल बँकेतून आपोआप वळतं करा. चाव्यांसाठी दाराशेजारीच खिळा ठोका. दूध गॅसवर ठेवून स्वयंपाकघराबाहेर जायचंच असेल तर झारा हातात घेऊन जा. हातातला झारा दुधाची आठवण देतो. मोबाइलचा गजर बंद करून आपण तिथेच रेंगाळतो.

प्रश्न: वय २९, आयटीत नोकरी. ऑनलाइन चाचणीत ऑटिझमचे (स्वमग्नतेचे) गुण जास्त आले. घरचे म्हणतात, ‘तू वेळेवर बोलायला लागलास, दहावीला ९२ टक्के. कसला ऑटिझम?’ खात्री कुठे करू? (पुणे)

उत्तर: उशिरा बोलणं ही ऑटिझमची अट नाही, आणि टक्क्यांचा तर संबंधच नाही. पाहतात ते असं: संवादाची देवाणघेवाण, हावभाव आणि नाती टिकवणं या तिन्हींत अडचण, शिवाय एकसुरी हालचाली, ठरावीकपणाचा आग्रह, एकाच विषयाचा ध्यास आणि आवाज-स्पर्शाचा त्रास या चारांपैकी किमान दोन. सुरुवात लहानपणीच असते, पण कधी कधी ती नोकरी-लग्नाचा भार पडल्यावरच उघडी पडते. फोन करण्याआधी वाक्यं घोकणं, रिसेप्शनला हसतमुख राहून पुढचे दोन दिवस अंथरुणात काढणं, हे मुखवट्याचे कष्ट बाहेरच्याला दिसत नाहीत. तपासणाऱ्याला तेच सांगा. एडीएचडीचंही विचारा, २०१३ पासून अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार दोन्ही निदानं एकत्र करता येतात.

निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. बरीच ऑटिझम केंद्रं फक्त मुलांसाठी असतात, म्हणून फोनवरच विचारा: १८ वर्षांवरील व्यक्तींची तपासणी होते का, किती बैठका लागतात, लेखी अहवाल मिळतो का? सरकारीत पुण्याला ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन आणि गोव्यात बांबोळीच्या मनोरुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. गर्दीत वेळ थोडाच मिळतो, म्हणून लहानपणीच्या आणि आताच्या ठळक उदाहरणांचा एकच कागद न्या.

एमआरआयने ऑटिझम ठरत नाही. आणि स्टेम सेल उपचारांवर पैसा घालवू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी ते शिफारसयोग्य नाहीत असं सांगितलं आहे. जगणंच नकोसं वाटत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

प्रश्न: दोन्हींसाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का? (नागपूर)

उत्तर: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव नाही. अर्ज सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. सगळं सांभाळून घेणाऱ्यांना कमी टक्के मिळू शकतात, म्हणून रोजची अडचण पुराव्यानिशी मांडा.

प्रश्न: नवऱ्याला ऑटिझम असावा असं मला वाटतं. पाहुणे अचानक आले की तो खोलीत जाऊन बसतो. तपासायला तयार नाही. (ठाणे)

उत्तर: ‘तुला ऑटिझम आहे’ हे भांडणात ऐकलं की दार बंदच होतं. निदान बाजूला ठेवा आणि घरात बदल करा. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा: किती जण, किती वेळ. ‘तुला कळत नाही का?’ याऐवजी ‘आठ वाजता बाहेर ये, अर्धा तास बस, मग आत गेलास तरी चालेल’ असं सरळ सांगा. सूचक बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नसेल. दमल्याचं बोलून दाखवणं जड जात असेल तर एखादी खूण ठरवा, म्हणजे टेबलावर उपडा ठेवलेला पेला दिसला की त्याला कोणी हाक मारायची नाही. आणि तुमची स्वतःची दमणूक फार झाली असेल तर समुपदेशकाकडे आधी तुम्ही जा. त्यासाठी त्याच्या होकाराची गरज नाही.