१०० वरून ५०० एमबीपीएसवर गेलो, प्रोसेसरही आठ कोअरचा घेतला, तरी वेबसाइट उघडायला तेवढाच वेळ का लागतो? फसवलं गेलंय का?

स्पीड टेस्टला ४८० च्या आसपास आकडा येतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे फसवणूक नाही. तुम्हाला जे हवं होतं ते त्या प्लॅनमध्ये नव्हतंच, एवढंच. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माल येऊ शकतो. पान उघडताना आपण खोळंबतो ते बहुतेक वेळा मालासाठी नाही, येरझारांसाठी.

हिशेबच मांडतो. समजा सर्व्हर इतका लांब आहे की पिंग, म्हणजे एका येरझारीला लागणारा वेळ, १०० मिलिसेकंद येतो. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे १०,००० किलोमीटर जाऊन परत यायलाच तेवढा वेळ लागतो. तिथे कुठल्याच प्लॅनची मात्रा चालत नाही. ब्राउझर त्या सर्व्हरशी पहिल्यांदाच बोलतोय. टीसीपीची, म्हणजे दोघांत जोडणी करायची, ओळखपाळख, एक येरझार. टीएलएसच्या, म्हणजे बोलणं गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीच्या, किल्ल्या ठरवायला १.३ आवृत्तीत एक, जुन्या १.२ मध्ये दोन. मग ‘पान दे’ आणि त्याचं उत्तर, आणखी एक. ३०० मिलिसेकंद गेले आणि पहिला बाइट आत्ता कुठे हाती आला. डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधायची, विचारपूस तर मी धरलेलीच नाही.

पुढे खरी गंमत. तुम्ही कुठला प्लॅन घेतलाय हे सर्व्हरला माहीत नसतं. तो सहसा आधी दहाच पॅकेट (मालाचे छोटे तुकडे) पाठवतो, जेमतेम १४ केबी. त्यांची पोच आली की दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. याला स्लो स्टार्ट म्हणतात. १९८६ च्या सुमारास कोंडीने नेटवर्क अक्षरशः बसायला लागलं, तेव्हा व्हॅन जेकबसन यांनी सुचवलेल्या उपायांपैकी हा एक, आणि तो आजही चालू आहे. २०० केबीची फाइल यायला असे चार हप्ते लागतात. पहिला हप्ता वरच्या येरझारीतच आला असं धरलं तरी आणखी तीन उरतात. एकूण ६०० मिलिसेकंद. तेच २०० केबी नुसते तारेवरून लोटायला १०० एमबीपीएसवर १६ मिलिसेकंद लागतात आणि ५०० वर तीनेक. म्हणजे प्लॅन वाढवून तुम्ही ६०० मधले १३ वाचवलेत, तेही कागदावर.

म्हणूनच मोठ्या साइट झटकन उघडतात. त्यांच्या प्रती तुमच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, पिंग १० वर आला की वरचा सगळा हिशेब दहापट आकसतो. ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याची नवी पद्धत आहे एचटीटीपी/३. तिच्यात, जिचं प्रमाणीकरण २०२२ मध्ये झालं, ओळखपाळख आणि किल्ल्या एकाच येरझारीत उरकतात. माझ्या मते गेल्या काही वर्षांत वेबच्या वेगासाठी झालेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण खोक्यावर छापायला आकडा नाही!

आता प्रोसेसर. तुम्ही म्हणता टास्क मॅनेजरमध्ये तो ६-७ टक्केच दिसतो, म्हणजे रिकामाच बसलाय. इथे जवळजवळ सगळेच फसतात. आठ कोअर, सोळा थ्रेड, म्हणजे एका वेळी चालू शकणारी सोळा कामं. त्यातला एक थ्रेड जीव तोडून पळत असेल तर एकूण आकडा १०० भागिले १६, म्हणजे ६.२५ टक्केच दिसणार. पानावरची जावास्क्रिप्ट मुख्यतः एकाच थ्रेडवर चालते. बाकीचे कोअर नुसते बघत उभे. अशा कामाला एका कोअरचा वेग लागतो, आणि तो घड्याळाच्या, म्हणजे गिगाहर्ट्झच्या, आकड्यावरूनही कळत नाही: २००४ मध्ये पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले होते, आणि त्याच गिगाहर्ट्झवर चालणारा आजचा कोअर त्याला कुठच्या कुठे मागे टाकतो.

थोडं विषयांतर, पण मला राहवत नाही. रॅममध्येही हाच खेळ आहे. रॅमच्या तीन पिढ्या घ्या, सीएल म्हणजे मागितल्यापासून माल यायला लागेपर्यंतचे ठोके: डीडीआर३-१६०० सीएल८, डीडीआर४-३२०० सीएल१६, डीडीआर५-६००० सीएल३०: तिन्हींचं गणित करा, सीएलची वाट बरोबर १० नॅनोसेकंदच येते. माल वाहायची ताकद जवळपास चौपट झाली, पण पहिला दाणा यायला तेवढाच वेळ. म्हणून २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर काढला तेव्हा घड्याळ ५८००एक्सपेक्षा चक्क कमी ठेवलं, वर ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच जलद मेमरी, दिली, आणि बऱ्याच गेममध्ये तोच पुढे गेला. रॅमपर्यंतच्या चकरा कमी झाल्या, बाकी काही नाही. मी स्वतः एके काळी रॅमचे टायमिंग खाली आणण्यात कित्येक रात्री घालवल्या आहेत. बेंचमार्कमध्ये फरक दिसायचा, ब्राउझर मात्र ढिम्म.

एसएसडीबद्दल थोडक्यात: हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात तर जन्म बदलल्यासारखं वाटतं. साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीवरून एनव्हीएमई या नव्या, जास्त वेगवान जोडणीच्या एसएसडीवर आलात तर मोठ्या फाइल हलवतानाच कळतं.

पैसे न घालता तपासायची एक गोष्ट मात्र नक्की करा. एका खिडकीत पिंग चालू ठेवा आणि दुसरीकडे स्पीड टेस्ट लावा. माझ्याकडे एरवी पिंग १५ असायचा, पण फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की ४०० पार. कॉलवर माझा आवाज तुटायचा आणि मी बिचाऱ्या वाय-फायला दोष द्यायचो. राउटर आणि मोडेम पॅकेट टाकून द्यायला तयार नसतात, ती रांगेत साठवत बसतात. याचं नाव बफरब्लोट. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आवरणारी सोय, चालू केली, रांग लावायची ‘केक’ नावाची पद्धत निवडली, वेगाची मर्यादा कनेक्शनच्या ९० टक्क्यांवर बांधली. स्पीड टेस्टचा आकडा घटला, पिंग ३० च्या वर गेला नाही.

तुमच्या जागी मी असतो तर जुन्या प्लॅनवर परत गेलो असतो आणि उरलेल्या पैशांत एसक्यूएम झेपेल असा राउटर घेतला असता. घरात एकाच वेळी चार-पाच जण जड फाइल उतरवत असतील तर गोष्ट वेगळी. पिंगचे दोन्ही आकडे, एरवीचा आणि स्पीड टेस्ट चालू असतानाचा, खाली टाका. शक्यतो लॅनची केबल लावून घ्या, म्हणजे वाय-फायचा घोळ मध्ये येणार नाही.