शाळा जिल्हा परिषदेची, निर्णय कोणाचा?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत उपशिक्षक आहे. आमच्याकडे सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून अठरा मुले आहेत. संचमान्यतेत (पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेत) या वर्गांची पदे गेली आणि दोन शिक्षक अतिरिक्त ठरले. तालुक्याला विचारले तर ‘वरून आदेश आहे’ असे सांगतात, लोकप्रतिनिधींकडे गेलो तर ‘केंद्राचा कायदा आहे, आमच्या हातात काही नाही’ असे उत्तर मिळते. आम्ही दाद मागायची कोणाकडे?

उत्तर : ‘वरून’ म्हणजे नेमके कुठून, हे शोधण्यासाठी आदेशाच्या कागदावरची सही कोणाची आहे ते आधी पाहावे. शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्यसूचीत होता. त्या दुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, आणि तेव्हापासून केंद्र व राज्य दोघेही त्यावर कायदे करू शकतात. अधिकार दोघांकडे आल्यामुळे जबाबदारी मात्र एकमेकांवर ढकलण्याची सोय झाली आहे. आपल्याला मिळालेली उत्तरे हा त्याचाच नमुना आहे.

आपल्या प्रकरणात केंद्राचा कायदा आहे हे खरे आहे. परंतु तो आपल्या विरुद्ध नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक असावा, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असे म्हटले आहे. पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही तिथेच आहे. यातला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. याहून कमी शिक्षक द्या असे केंद्राने कुठेही सांगितलेले नाही. आपली पदे ज्या निकषांनी गेली ते राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातले आहेत. जिल्हा परिषद शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्याच्या तिजोरीवर असतो, त्यामुळे पट घटला की पद कमी करण्याचा मोह राज्यालाच होतो, आणि वाडीवस्तीवरच्या लहान शाळा त्यात प्रथम सापडतात. तेव्हा निवेदन दिल्लीला नव्हे, मंत्रालयात द्यावे. त्यात कायद्याच्या कलम २५ चा व परिशिष्टाचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि पालकांचे बहुमत असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत जोडावा. ठरावाशिवाय गेलेल्या निवेदनाला ‘शिक्षकांची नोकरीची तक्रार’ म्हणून बाजूला सारणे सोपे असते.

‘आमच्या हातात काही नाही’ या उत्तराबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करण्यात आली, तेव्हा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा आधार देण्यात आला होता. त्या धोरणात कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. लोकांचा विरोध वाढला, १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. जो निर्णय राज्य अडीच महिन्यांत मागे घेऊ शकते, तो राज्याचाच होता हे उघड आहे.

तरीही केंद्राकडे एक खरी किल्ली आहे, ती पैशाची. शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटला जातो. निवडक शाळा आदर्श म्हणून विकसित करण्याच्या केंद्राच्या पीएम श्री योजनेच्या करारावर सही करण्यास तामिळनाडूने नकार दिला. त्या करारात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राबवण्याची अट असल्याचा त्या राज्याचा आक्षेप होता. त्यानंतर समग्र शिक्षाचा निधी अडला. थकलेली रक्कम २,१५० कोटींहून अधिक असल्याचे सांगत ते राज्य मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. एका योजनेवरील मतभेदाचा भुर्दंड दुसऱ्या योजनेतील मुलांना का, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. महाराष्ट्र पीएम श्रीमध्ये सहभागी असल्याने ती अडचण आपल्यासमोर नाही, आणि म्हणूनच आपल्या शाळेतील पदांचा दोष केंद्राच्या निधीवर टाकणे योग्य ठरत नाही.

प्रश्न : माझी नेमणूक २००४ ची आहे. एकवीस वर्षे शिकवल्यानंतर आता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हा असे सांगणे न्याय्य आहे का? आणि राज्य सरकार आम्हाला सूट देऊ शकते का?

उत्तर : न्याय्य आहे का, याबद्दल माझे मत आपल्या बाजूने झुकते. नोकरीत येताना जी अट नव्हती ती निवृत्ती जवळ येत असताना घालणे कठोर आहे, आणि इतक्या वर्षांच्या अध्यापनाचे मोल एका लेखी परीक्षेने ठरत नाही. पण आपला दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षण हक्क कायद्यापूर्वी नेमलेल्या आणि पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे; ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांची नोकरी सुरक्षित राहील, मात्र टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला आहे. हा निकाल कायद्याच्या कलम २३ वर उभा आहे. त्या कलमानुसार किमान अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते आणि ती केंद्राची संस्था आहे. राज्याच्या परीक्षा परिषदेकडे परीक्षा घेण्याचे काम आहे. अट शिथिल करण्याचा अधिकार नाही.

म्हणजे इथे आधीच्या प्रश्नाच्या उलट चित्र आहे, आणि या विषयावर मंत्रालयासमोर धरणे धरून फार तर राज्याचे एक शिफारसपत्र पदरात पडेल. मुदत वाढवणे किंवा जुन्यांना वगळणे संसदेला शक्य आहे. २०१७ मध्ये याच कलमात दुरुस्ती करून अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत देण्यात आली होती, तो दाखला आपल्या खासदारांसमोर जरूर ठेवावा. दरम्यान परीक्षेचा अर्ज भरून ठेवावा. अर्ज भरला म्हणजे हक्क सोडला असे होत नाही.

प्रश्न : शिक्षक मतदारसंघाचे आमदार असूनही आम्हा प्राथमिक शिक्षकांचे प्रश्न मागे का पडतात?

उत्तर : कारण आपण त्यांचे मतदार नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या आहेत. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार तिथे मत देण्याचा हक्क माध्यमिक किंवा त्यावरील दर्जाच्या संस्थांत किमान तीन वर्षे शिकवलेल्यांनाच आहे. पहिली ते आठवीच्या शाळेतील शिक्षक त्यात बसत नाहीत. आपण पदवीधर असाल आणि पदवीला तीन वर्षे झाली असतील, तर पदवीधर मतदारसंघात मात्र नाव नोंदवता येते. ही यादी दर निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होते, त्यामुळे मागच्या वेळी नाव होते म्हणून याही वेळी असेल असे धरून चालू नये. अर्जाचा नमुना १८ आहे, आणि १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख असते, म्हणजे तीन वर्षे त्या तारखेपर्यंत मोजली जातात.