तुमचे प्रश्न : मूल बोलत नाही, पण त्याला समजतंय किती?

या वेळी लहान मुलांच्या बोलण्याबद्दल प्रश्न मागवले होते. सांगली-साताऱ्याकडनं इतके आले की सगळ्यांना इथं जागा मिळणं अवघड, म्हणून सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. मी स्पीच थेरपिस्ट, सांगलीतच बसते, तेव्हा उत्तरात आमच्याकडची बोली येणारच, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अडीच वर्षांचा होईल आता. आई, पप्पा, दे आणि भुर्र एवढंच बोलतो. बाकी सगळं हात धरून ओढत नेऊन दाखवतो. सासूबाई म्हणतात याचा बाबा पण साडेतीनला बोलला, आता बघ थांबवावा लागतो. आणि मोबाईलवर गाणी लावली की ए टू झेड न चुकता म्हणतो हो! मग प्रॉब्लेम आहे का नाही? – एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सासूबाई खोटं बोलत नाहीत. दोन वर्षांपर्यंत उशिरा बोलणारी बरीच मुलं तीन-चार वर्षांपर्यंत बाकीच्यांना गाठतात. पण यात एक मेख आहे, घरात कुणी उशिरा बोललं असेल तर ते निवांत बसायचं कारण नव्हे, उलट लवकर दाखवायचं कारण आहे, कारण भाषेच्या अडचणी घराण्यात चालत येतात. कोणतं मूल गाठेल आणि कोणतं मागंच राहील हे नुसते शब्द मोजून दोन वर्षांच्या वयात सांगता येत नाही. त्याला समजतं किती, हातवारे किती करतो, खेळतो कसा, हे बघावं लागतं.

तर आज घरी एवढं करा. तो खेळत असताना, मोबाईल-टीव्ही बंद ठेवून, हात न हलवता आणि नजर पण तिकडं न नेता म्हणा, "बाबांची चप्पल आण." आणली? मग, "चमचा घे आणि आजीला दे." हे करताना बहुतेक आया नकळत चप्पलकडं बघतात नाहीतर मान हलवतात आणि पोरगं शब्दावरनं नाही, मानेवरनं ओळखतं, आणि मग आमच्याकडं येऊन सांगतात की मॅडम त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही. म्हणून हे दुसऱ्या कुणाला तरी बाजूला उभं करून करा, तुमची मान कुठं वळते ते त्यांना बघू दे.

ए टू झेडचं म्हणाल तर ते पाठांतर झालं. बोलणं म्हणजे मागणं, नको म्हणणं, "ते बघ विमान" म्हणून तुम्हाला बोलावणं. साधारण हिशोब असा की वर्षाच्या आसपास पहिला शब्द, बोट करून दाखवणं, हाक मारली की वळणं. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडणं, "बाबा गेला", "अजून दे" असं. तीन वर्षांपर्यंत छोटी वाक्यं, आणि बाहेरच्या माणसाला त्यातलं बरंचसं कळायला पाहिजे. अडीचला चार शब्द म्हणजे तपासायलाच हवं, यात माझ्या मनात शंका नाही. दीड वर्ष झालं तरी बोट करून दाखवत नाही, नावानं बघत नाही, किंवा आधी येणारे शब्द बंद झाले, तर एक दिवस पण थांबू नका, मग वय कितीही असू दे. तुमचा मुलगा हात धरून ओढत नेतो, पण लांबनं बोट करून "ते" म्हणून दाखवतो का, आणि दाखवताना तुमच्या तोंडाकडं बघतो का, हे मला आधी कळायला हवं.

पहिली पायरी कान. कुकरची शिट्टी ऐकतो, दार वाजलं की पळतो, म्हणून कान चांगला असं नसतं. थोडा कमी ऐकू येणारा मुलगा शिट्टी ऐकतो पण स, श, त असले बारीक आवाज त्याच्या हातनं सुटतात. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागं पाणी साठतं, दुखत पण नाही, घरच्यांना पत्ता लागत नाही. ओएई ही कानाची दोन मिनिटांची टेस्ट आहे, बेरा ही दुसरी टेस्ट झोपेत करतात, दोन्हीत दुखत काही नाही. सांगली, मिरज, कराडला मोठ्या दवाखान्यांत आधी फोन करून सोय आहे का विचारून जा, बेराला मूल झोपवून न्यायचं असतं आणि चुकीच्या वेळी गेलात तर दिवस फुकट.

आता घरात काय करायचं. "हे काय आहे? सांग की! काकांना सांग की!" ही परीक्षा बंद करा. तो "भुर्र" म्हणाला की तुम्ही म्हणा, "भुर्र गेली. लाल गाडी भुर्र गेली." एक पाऊल पुढं, बास. आणि बोलून झालं की गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा, त्याला वेळ द्या. हे सगळ्यात अवघड जातं लोकांना! केळं हवं का बिस्कीट, असे दोन्ही पुढं धरून विचारा. पण "नाव घेतल्याशिवाय देणारच नाही" म्हणून रडवू नका, त्यानं भाषा येत नाही, फक्त हट्ट वाढतो. मोबाईलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांना दिवसाला एक तासाच्या आत. पण मोबाईल काढून घेतला की झालं, असं पण नाही. त्या वेळात कुणीतरी त्याच्याशी बोललं पाहिजे, नाहीतर नुसतं शांत घर मिळतं.

प्रश्न : आम्ही विट्याजवळचे, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यामुळं कोईमतूरला असतो. मुलगी तीन वर्षांची. घरी मराठी, शेजारी तमिळ, प्लेस्कूलला इंग्लिश. वाक्यं बोलते पण सगळं मिसळून. टीचर म्हणतात घरी फक्त इंग्लिश बोला, मूल कन्फ्यूज होतंय. – एक वडील

उत्तर : नका बोलू. टीचरचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे. दोन-तीन भाषांनी भाषेचा आजार होत नाही. आपल्या जत भागात घरोघरी कन्नड आणि मराठी एकत्र नांदतंय, पिढ्यान् पिढ्या, पोरं काय मुकी झाली नाहीत. मिसळणं हे त्या वयात नॉर्मल आहे. शब्द मोजताना तिन्ही भाषांतले एकत्र मोजा, मराठीतले दहा आणि तमिळमधले वीस म्हणजे तीस. खरी अडचण असेल तर ती सगळ्या भाषांत दिसते, एकात नाही. ज्या भाषेत तुम्हाला रागवता येतं, समजूत काढता येते, गोष्ट रंगवून सांगता येते, तीच घरी बोला. तुटक्या इंग्लिशमध्ये आई पोरीशी काय बोलणार? "कम", "सिट", "ईट". त्यात भाषा कुठं आली! मात्र मराठीतली साधी सूचना पण हातवाऱ्याशिवाय तिला कळत नसेल, तर गावी यायची वाट न बघता तिथंच दाखवा.

प्रश्न : मॅडम, नातू सहा वर्षांचा, पहिलीत आहे. बोलतो भरपूर पण काय सांगतोय ते कळत नाही. "ते... तिकडं... तसं केलं त्यानं" असंच. शाळेत काय झालं विचारलं तर सुरुवात नाही शेवट नाही. काल-उद्याचा घोळ. बाई म्हणतात लक्ष नाही, आळशी आहे. कान तपासले, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले बुद्धी पण चांगली. मग काय म्हणायचं याला? – आजी, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आजी, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण न बोलणारं मूल निदान कुणाच्या तरी नजरेत येतं, पण असं भरपूर बोलणारं मूल वर्षानुवर्षं "आळशी" म्हणून मागच्या बाकावर बसतं.

याला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, थोडक्यात डीएलडी म्हणतात. आधी वेगवेगळी नावं होती, 2016-17 च्या सुमारास इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या तज्ज्ञांनी बसून हे एक नाव पक्कं केलं. तिकडच्या अभ्यासांत शंभरातल्या सात-एक मुलांत हे सापडतं, म्हणजे तीसच्या वर्गात दोन. ऑटिझमपेक्षा जास्त, तरी नाव कुणी ऐकलेलं नसतं. कान ठीक, बुद्धी ठीक, घरात प्रेम, तरीपण भाषा पक्की बसत नाही. आईवडिलांच्या चुकीनं होत नाही हे सुनेला आवर्जून सांगा.

वर्गात काय होतं बघा. बाई म्हणतात, "पाटी पुसायच्या आधी वही काढा." पोरगं पाटी पुसायला लागतं, कारण पाटी शब्द आधी आला. मग शेजारच्याकडं बघतं, त्यानं वही काढली की हा पण काढतो. बाईंना दिसतं ते एवढंच, की हा दुसऱ्याचं बघून करतो. किंवा घरी विचारून बघा : "मुलाला मुलीनं ढकललं. कोण पडलं?" बरीच डीएलडीची मुलं "मुलगी" म्हणतात. वाक्यात जो आधी आला त्यानंच केलं असणार असा त्यांचा अंदाज, ला आणि नं यातला फरक त्यांच्या कानावरनं निसटून जातो. आता हाच मुलगा गणितात "रामला श्यामनं पाच पेरू दिले" वाचून काय करणार? गणित चुकलं नाही, वाक्य चुकलं. पण एका वाक्यावरनं निदान करू नका, त्यासाठी पूर्ण तपासणी लागते.

उपाय आहे, पण औषध नाही. मेमरीचं टॉनिक, ब्राह्मीच्या गोळ्या, मेंदूचे कोर्स, यात पैसे घालू नका. ट्यूशन लावून पण होत नाही, कारण तीच न कळणारी भाषा संध्याकाळी परत ऐकायची, एवढंच होतं. थेरपीत आम्ही वाक्याचे सांधे बसवतो, गोष्ट सांगायचा सांगाडा शिकवतो : कोण, कुठं, काय झालं, मग काय, शेवटी काय. धडा शिकवायच्या आधीच त्यातले अवघड शब्द घरी हाताळून घेतो. तुम्ही एक करू शकता, रात्री त्यानं दिवसभरात केलेली एकच गोष्ट, म्हणजे समजा अजिंक्यतारा चढून आलात, तर तीच तीन फोटो समोर ठेवून त्याच्याकडनं सांगून घ्या. चुकलं तर "असं नाही म्हणायचं" नको, तुम्ही बरोबर वाक्य सहज म्हणा आणि पुढं चला. बाईंना जाऊन भेटा आणि सांगा, एका वेळी एकच सूचना, आणि जे आधी करायचं ते आधी बोला. बाई ऐकतात बहुतेक, कारण त्यांचा पण त्रास कमी होतो. वाचनावर लक्ष ठेवा, या मुलांना पुढं वाचायला-लिहायला पण जड जाऊ शकतं. पूर्ण बरं होईल असं वचन मी देणार नाही, पण मदत मिळालेला मुलगा आणि न मिळालेला, यात फार फरक पडतो.

प्रश्न : दहा महिन्यांच्या बाळाला जीभ जड आहे म्हणून वेखंड मधात उगाळून लावतोय. बरोबर ना? जीभ कापून पण घ्यावी म्हणतात. – वाई

उत्तर : मध आजच बंद करा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातनं बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. वेखंडानं बोलणं येत नाही. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर अंगावर प्यायला त्रास होऊ शकतो, काही उच्चार अडू शकतात, पण शब्दच न येण्याचं कारण तो नसतो. भाषा डोक्यात तयार होते, जिभेला फक्त निरोप मिळतो. दहा महिन्यांचं बाळ "बाबाबा", "दादादा" करतंय का आणि हाकेला वळतंय का ते बघा, नसेल तर कान तपासून घ्या.

प्रश्न : साडेतीन वर्षांची मुलगी महिन्याभरापासनं "म-म-मला" असं अडखळते. घाबरलोय. – इस्लामपूर

उत्तर : दोन ते पाच वर्षांत हे बऱ्याच मुलांचं होतं आणि बहुतेकांचं जातं. "हळू बोल, श्वास घे, नीट बोल" म्हणू नका, तिच्या वतीनं वाक्य पूर्ण करू नका, फक्त तिचं संपेपर्यंत थांबा आणि तुम्हीच जरा सावकाश बोला. सहा महिन्यांच्या वर टिकलं, चेहरा-मान ताणली जायला लागली, ती बोलायचंच टाळायला लागली, किंवा घरात कुणी मोठं माणूस तोतरं बोलतं, तर दाखवून घ्या.

प्रश्न : मी जत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. एक मूल चार वर्षांचं, काहीच बोलत नाही. आईवडील ऊसतोडीला जातात, खर्च परवडणार नाही. कुठं पाठवू? – सेविका

उत्तर : तुमच्याकडं वर्षातनं दोनदा आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, 2013 पासनं ही योजना आहे आणि उशिरा बोलणं, ऐकू न येणं दोन्ही त्यात बसतं. ते मूल त्यांना दाखवा, पुढं जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्रात, डीईआयसीला पाठवतात, तपासणी मोफत असते. पथक यायला वेळ असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातनं चिठ्ठी घ्या. बहिरेपण निघालं तर केंद्र सरकारच्या एडीप, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतनं कानाचं मशीन मिळतं, आणि कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऑपरेशन करून कानात यंत्र बसवायची पण सोय आहे पण त्याला वयाची अट आहे, लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत, आणि हे मूल आत्ताच चारचं आहे. म्हणून घाई. पुढं कुणी खाजगी थेरपिस्ट गाठलाच तर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का विचारा, विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. चिठ्ठीत नुसतं "बोलत नाही" लिहू नका, हाकेला वळतं का, बोट करतं का, कान वाहतो का, तेही लिहा. आणि दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की आईवडील टोळीबरोबर जातील, त्याच्या आत कानाची तपासणी उरकून घ्या, आणि सगळे कागद मोबाईलमध्ये फोटो काढून आईजवळ द्या, म्हणजे जातील तिथल्या डॉक्टरला दाखवता येतील.