दुसऱ्याच्या अभ्यासातली संशोधनपद्धत माझ्या प्रबंधात वापरली तर ते वाङ्मयचौर्य ठरेल का?

नाही, पद्धत वापरणं हे चौर्य नाही; ती कुणाची हे न सांगणं आणि तिचं वर्णन त्यांच्याच वाक्यांत उतरवणं हे मात्र चौर्यच. पद्धती पुन्हा वापरल्या जाव्यात म्हणूनच तर छापल्या जातात. प्रथिनं मोजायची लॉरी आणि सहकाऱ्यांची १९५१ची पद्धत असंख्य शोधनिबंधांत दिसते. तिथे मूळ निबंधाचा संदर्भ देऊन ‘नमुना ०.५ मिली घेतला, बाकी कृती मूळ पद्धतीप्रमाणे’ एवढं लिहिलं तरी चालतं. तुम्ही काय बदललंत, ते मात्र आकड्यांसकट लिहा. परीक्षक तेच शोधतात. प्रबंध तपासताना मला नेहमी एकच चूक दिसते: मूळ परिच्छेद समोर ठेवून चार शब्द बदललेले असतात. त्याऐवजी तो निबंध मिटून बाजूला ठेवा आणि स्वतःच्या प्रयोगवहीतल्या नोंदींवरून लिहा, भाषा आपोआप तुमची होते. पद्धत दुसऱ्याच कुणाच्या निबंधात वाचली असेल, तर मूळ निबंध मिळवून, वाचून त्याचाच संदर्भ द्या. मात्र तयार प्रश्नावली किंवा मानसशास्त्रीय चाचणी वापरणार असाल तर नुसता संदर्भ पुरेसा नाही. त्यांतल्या अनेकांवर स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे आधी लेखी परवानगी घ्या.