खाडीतली कांदळवनं रस्त्यासाठी तोडली, तर पडीक खारजमिनीवर नवीन वाढवून भरपाई होते का?

होते, पण अर्धीमुर्धी. आणि रोपं लावण्यापेक्षा पाणी आत घेणं महत्त्वाचं. अलिबाग-पेणच्या खारेपाटात (खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीच्या पट्ट्यात) बांध फुटलेल्या भातशेतात तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, आपसूक उगवलीत, कोणी लावली नाहीत. बी भरतीबरोबर येतं, चिखल तयारच असतो. तेव्हा योग्य जागी बांध उघडायचा आणि भरती-ओहोटीला मोकळी वाट द्यायची. पाणी आत तुंबलं तर रोपं मरतात (वृक्षारोपणाचा फोटो तेवढा छान येतो!). निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) दिसल्या, चिंबोऱ्यांची बिळं पडली, की समजा जागा लागली. बगळे मागोमाग येतातच.

मात्र आधी शेजारच्या शेतकऱ्यांना विचारा. एकाचा बांध उघडला तर सगळ्यांचं भात खारं होतं. शिवाय 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाजगी जमिनीवरचं कांदळवनही हात लावण्याजोगं राहिलेलं नाही. तिथे पुन्हा भात पिकवायचं विसरा. जमीनमालकाला याचा मोबदला मिळायलाच हवा, असं माझं मत.

बाकी खाडीतली तिवरं तोडून दूर डोंगरावर झाडं लावणं ही कागदावरची भरपाई. कोळंबीची पिल्लं डोंगर चढत नाहीत.