सगळे रडले, मला राग आला

"वाचताना पोटात इतकं काही होतं मॅडम, आणि पुस्तकाबद्दल बोलायची वेळ आली की तोंडातून निघतं काय? छान आहे पुस्तक. बसले खाली."

दापोलीत मी समुपदेशक म्हणून आठवड्यातले दोन दिवस बसते. हे गाऱ्हाणं माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी घेऊन येतंच. निवृत्त शिक्षक येतात, बीएची मुलगी येते, सुनेच्या आग्रहाने वाचू लागलेल्या सासूबाईही येऊन गेल्या. प्रत्येकाची शंका एकच असते: मला बोलता येत नाही, म्हणजे मला पुस्तक कळलंच नाही का?

इथे एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. हर्णैच्या अलीकडच्या एका गावात त्या नवऱ्याबरोबर पिठाची गिरण चालवतात. वय पन्नाशीच्या आसपास. पहिल्यांदा आल्या तेव्हा साडी बदलून आल्या होत्या, पण भुवयांवर पिठाची कड तशीच राहिली होती.

त्यांच्या गावच्या वाचनालयाची कौलं ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात उडाली. पुस्तकं भिजली. गावातल्या बायकांनी ती घरोघरी नेली, पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घातले आणि ओटीवर वाळवली. वाळवता वाळवता वाचलीही. त्यातूनच महिन्याच्या शेवटच्या रविवारची बैठक सुरू झाली. ज्याने जे वाचलं त्याबद्दल त्याने दोन शब्द बोलायचे. ताईंचं अडत होतं ते या दोन शब्दांपाशी.

मी त्यांना विचारलं, आवडीचं काय वाचता? तर थेट बाबूराव अर्नाळकर! हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला माणूस. त्यांच्या वडिलांनी त्यातली बरीच पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. पुढची वीस मिनिटं मी फक्त ऐकत होते. खुनी कसा ओळखायचा याची त्यांची स्वतःची रीत होती. "जो पहिल्या दहा पानांत कारण नसताना चहा देऊन जातो ना, त्याच्यावर नजर ठेवायची." कधी अंदाज चुकला, कधी लेखकाने सरळसरळ फसवलं आणि त्याचा कसा संताप आला, हे सगळं हातवारे करत.

"मग बैठकीत हेच का नाही सांगत?"

"ते काय पुस्तक का, मॅडम!"

म्हणजे जीभ जड नव्हती. मनातल्या फळीवर पुस्तकांच्या रांगा लावलेल्या होत्या. वरच्या रांगेतल्या पुस्तकाबद्दल वरच्या दर्जाचंच बोलायला हवं, आणि खालच्या रांगेतलं वाचल्याचं मुळी सांगायचंच नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं. त्यांना वाटतं, आपल्याकडे निकाल मागितलाय. पुस्तक थोर की सुमार, हे ठरवून द्यायचंय. प्रतिक्रिया म्हणजे निकाल नव्हे. पुस्तक वाचताना आपल्याला काय झालं, तेवढं सांगितलं की पुरे.

एवढं कळल्यावर मी मोठ्या उत्साहात नेहमीचा सल्ला देऊन मोकळी झाले: वाटेल ते बोला, मनात येईल ते बोला, यात चूक-बरोबर काही नसतं. माझी चूक झाली ती इथे.

त्या महिन्यात बैठकीला 'श्यामची आई' होती. आमच्या तालुक्यात या पुस्तकाबद्दल बोलणं म्हणजे घरच्या देव्हाऱ्याबद्दल बोलणं. साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलंच. १९३३ मध्ये, बऱ्याचशा नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या बेचाळीस 'रात्री', म्हणजे प्रकरणं, इथल्या कितीतरी घरांत मोठ्याने वाचल्या गेल्यात. बैठकीत सगळ्यांचे डोळे भरून आले. ताईंना मात्र राग आला. शेवटी आई आजारी पडते, श्याम दूर असतो, तो पोचतो तोवर आई गेलेली असते. बाकीचे श्यामसाठी रडत होते. ताईंच्या डोळ्यांपुढे होती ती आईच्या शुश्रूषेला आलेली तिची बहीण, सखूमावशी.

का, ते सांगायला हवं. ताईंची आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. गिरणीचा पट्टा बंद करून त्या दिवसातून तीनदा माहेरच्या घरी जायच्या. माहेर सासर एकाच गावात. भाऊ मुंबईला चाकरमानी, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. आईने शेवटी विचारलं ते, "तो आला का?"

माझा सल्ला ऐकून ताई 'मनात येईल ते' बोलल्या. सखूमावशीपासून सुरू झाल्या आणि दोन मिनिटांत भावापर्यंत पोचल्या, रडल्या, त्याचं नाव घेऊन बोलल्या. बैठकीत भावजयीच्या नात्यातली एक बाई बसलेली होती. संध्याकाळी मुंबईहून फोन आला: वाचनालयात बसून माझी बदनामी करतेस?

पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा मी आधी माफी मागितली. एवढ्याशा गावात 'मनमोकळं बोला' असं सांगताना ऐकायला कोण कोण बसलंय याचा विचार मीच करायला हवा होता. बोलण्याचं धैर्य मी दिलं, पण कुठे थांबायचं ते सांगितलं नाही.

मग आम्ही चिठ्ठ्यांवर आलो. ही कल्पना त्यांच्या गिरणीतूनच निघाली. दळणाच्या डब्यांवर त्या चिठ्ठी लावतात: नाव, तांदूळ की नाचणी, जाड की बारीक. मी म्हटलं, पुस्तक वाचताना जिथे थांबलात त्या पानात अशी एक चिठ्ठी घाला. त्यावर पान कोणतं आणि तुम्हाला काय झालं, एवढंच लिहायचं. घसा दाटला, हसू आलं, कंटाळून दोन पानं उलटली, काहीही. आणि दुसरी चिठ्ठी त्यामागच्या तुमच्या आयुष्यातल्या गोष्टीची. ही दुसरी घरी ठेवायची. बैठकीत न्यायची ती फक्त पहिली. दुसरीतलं काही सांगावंसं वाटलंच, तर आदल्या दिवशी शांतपणे ठरवायचं. भरल्या गळ्याने, ऐनवेळी नाही.

त्यांना ते लगेच पटलं. त्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. "पण एकाच पानावर सगळ्यांना रडू आणि मला राग, हे कसं?" माझ्याजवळ पुस्तकी उत्तर तयार होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, शोक आणि रौद्र रसाचा क्रोध, असं काहीतरी मी सुरू करणार, तोच त्या स्वतःच म्हणाल्या, "तांदूळ तोच असतो, पण भाकरीचं पीठ वेगळं आणि मोदकाचं वेगळं. दगड कसा लावलाय त्यावर." मी नाट्यशास्त्र परत पिशवीत घातलं.

या चिठ्ठीवर प्रत्येक प्रकारच्या पुस्तकाला एकच प्रश्न विचारून चालत नाही, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. रहस्यकथेत संशय कधी आणि कोणावर आला, ते लिहायचं. खुनी कोण ते मात्र ओठ शिवून ठेवायचं, नाहीतर पुढचा वाचक शिव्या देईल. भयकथेत मागे वळून कुठे पाहिलं? आत्मचरित्रात आपण कोणाच्या बाजूने होतो, आणि मध्येच बाजू बदलली का? कवितेला तर काहीच विचारू नये असं माझं मत आहे. पुन्हा वाचावीशी वाटलेली ओळ वाचून दाखवायची आणि गप्प बसायचं. कवितेचा अर्थ सांगायला उभा राहिलेला माणूस मी तरी आजवर वेळेत बसलेला पाहिलेला नाही.

एकदा तर ताईंनी 'रुचिरा' आणली. कमलाबाई ओगल्यांचं, १९७० चं, वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवणारं. प्रत आईची होती, पानांना हळदीचे डाग. एका पाककृतीशेजारी पेन्सिलीने, उतरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'आपला नारळ मोठा, अर्धाच घे.' ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "घे, असं लिहिलंय. मला उद्देशूनच ना हे? भाऊ थोडाच रांधणार होता."

तिथून पुढच्या चार भेटी आम्ही पुस्तकांबद्दल बोललोच नाही. आईबद्दल बोललो, आणि ज्याने केलं त्याची आठवणही निघत नाही, या जुन्या सलाबद्दल. हे काम बैठकीचं नव्हे. पुस्तकाने एखादी जखम उघडी केली आणि आठवडे उलटले तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही, रोजची कामं सुटू लागली आहेत असं झालं, तर ते वाचनालयात मांडून हलकं होईल या भरवशावर राहू नये. जाणकाराला गाठावं. तुमच्यासमोर बसलेले शेजारी चांगले असतील, पण ते शेजारीच.

पावसाळा संपता संपता ताईंनी बैठकीत 'श्यामची आई'चा विषय पुन्हा काढला. या वेळी फक्त पहिली चिठ्ठी, तीन ओळींची. "वाचताना मी सखूमावशीपाशी थांबले. मला राग आला. त्या दिवसांत तिच्या जेवणाखाणाकडे कोणी बघितलं असेल, हे मला अजून विचारावंसं वाटतं." एवढं वाचून त्या बसल्या. एका वयस्क गुरुजींना ते रुचलं नाही; या पुस्तकाबद्दल असं बोलायचं नसतं, असं त्यांनी तोंडावर ऐकवलं. ताई उलट काही बोलल्या नाहीत, पण चिठ्ठीही लपवली नाही. बाहेर चपला घालताना एका बाईने विचारलं, "तुझ्याकडचं पुस्तक देशील? माझ्या सासूचं मी पाच वर्षं केलं." भावाचं आणि त्यांचं बोलणं अजून तुटकच आहे. गणपतीला तो आला, आरत्या झाल्या, विषय निघाला नाही.

परवा त्यांचा फोन आला. मागे गिरणीची घरघर, मध्येच कोणाला तरी ओरडून सांगत होत्या, "नाचणी उद्या!" पुढच्या रविवारी बैठकीत नारायण धारपांची एक भयकथा होती.

"मॅडम, सगळ्या म्हणतात रात्री वाचवत नाही. मला तर एका जागी हसूच आलं. असं सांगितलं तर चालेल?"

"पान कोणतं?" मी विचारलं. त्या चिठ्ठी शोधायला गेल्या.