हळदीचा डाग साबणाने लाल का होतो?

प्रश्न : मुलाच्या पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली, साबण लावला तर पिवळा डाग एकदम लाल झाला. सासूबाई म्हणतात हळदीत भेसळ आहे. खरंय का? आणि बाथरूमचं ॲसिड नि ब्लीच एकत्र करून लावलं तर डाग निघेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दुसऱ्याचं आधी सांगतो, कृपा करून अजिबात नको! बाथरूम क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि ब्लीच हे अल्कली, म्हणजे आम्लारीच्या (ॲसिडच्या उलट गुणाच्या पदार्थांच्या) बाजूला असतं म्हणूनच बाटलीत शांत बसून राहतं, त्यात ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो थेट फुफ्फुसाला धरतो. चुकून मिसळलं गेलंच तर साफ करत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

आता हळद. सासूबाईंना सांगा, साबणाने लाल होते म्हणून भेसळ ठरत नाही, उलट खरी हळद असंच करते. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं, आणि साबण, सोडा, चुना असलं काही आम्लारी लागलं की कर्क्युमिनमधला हायड्रोजन आयन (हायड्रोजनचा भारित कण) निघून जातो नि रंग लालसर तपकिरी होतो. आम्लता मोजायचा आकडा म्हणजे पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त; साबणाच्या पाण्याचा पीएच साधारण 9 ते 10, साध्या पाण्याचा 7, लिंबाचा 2 च्या आसपास, आणि पीएच एकाने बदलला की आम्लता दहापट बदलते, म्हणजे लिंबू नि साबणात कोट्यवधी पटींचा फरक झाला. हळदीत चुना कालवला की लाल कुंकवासारखा रंग येतो तो याच कारणाने. जास्वंदीचं पण बघा, पाकळ्या गरम पाण्यात भिजवून त्या पाण्यात लिंबू पिळलं की गुलाबी, सोडा टाकला की हिरवट, मुलाला नक्की करून दाखवा, शाळेच्या पुस्तकातले दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारे पदार्थ, एका संध्याकाळी कळतील त्याला.

लाल डागावर लिंबू चोळलं तर परत पिवळा होईल, पण जाणार नाही हं, फक्त रंग फिरतो. साबण नीट धुवून काढा आणि शर्ट ओला असतानाच कडक उन्हात वाळत घाला, कर्क्युमिन उजेडात तुटतं. एका दिवसात नाही गेला तर दोन-तीन दिवस घाला.